पाकीट माझ्यासमोर फोडा!

वसई-विरारकरांनो,

मुलांच्या दातांना तारा बसवताना आपण खर्च विचारतो, हप्ते विचारतो, तारा कधी निघणार तेही विचारतो. तोंडात जाणारी हत्यारं निर्जंतुक केली का, हे विचारायला मात्र संकोचतो. हा संकोच आजच सोडा.

तारांचा उपचार दीड-दोन वर्षं चालतो. दर महिन्याच्या फेरीत प्लायर तोंडात जातो आणि दिवसभरात तोच अनेकांना लागतो. तारेचं टोक हिरडीला टोचलं की रक्त प्लायरच्या सांध्यात शिरून सुकतं. वरवर स्पिरिट फिरवून ते निघत नाही. अशा सुकलेल्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जगू शकतो.

धोका कल्पनेतला नाही. तामिळनाडूतल्या वाणियंबाडीत २०२२-२३ मध्ये एकाच दंत दवाखान्याशी संबंधित १० रुग्णांना मेंदूचा मेलिऑइडोसिस हा जिवाणूंचा संसर्ग झाला, आठ दगावले. सलाइनची बाटली अस्वच्छ हत्याराने उघडली जात होती, असं तपासात आढळलं.

मुंबईत नायरच्या दंत रुग्णालयात जा किंवा नालासोपाऱ्यातल्या दवाखान्यात, एवढं कराच :

१. हत्यारांचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. त्यावरच्या खुणेचा रंग बदललाय का, पाहा. रंग बदलला म्हणजे पाकीट ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून निघालं, इतकंच कळतं. जंतू खरोखर मरतात का, हे स्पोर टेस्ट सांगते. ती शेवटची कधी केली, हे विचारा.

२. प्रत्येक रुग्णासाठी नवे हातमोजे हवेत. मोजे घातलेला हात ड्रॉवरला किंवा मोबाइलला लागला, तर ते बदलायला सांगा.

३. दाढेला मापासाठी लावून पाहिलेला बँड तसाच डब्यात परत जात असेल, तर तिथेच हरकत घ्या.

डॉक्टरांनो, प्लायर उघडा ठेवूनच ब्रशने घासा; घाण राहिली तर वाफ आतवर पोचत नाही. लाइट गेल्याने ऑटोक्लेव्ह मध्येच थांबला, तर सायकल पहिल्यापासून लावा. त्यात टँकरचं क्षारयुक्त पाणी घालू नका, डिस्टिल्ड वॉटरच वापरा. प्लायर कमी पडत असतील तर संच वाढवा. तोवर अपॉइंटमेंट कमी द्या.

महापालिकेने दंत दवाखान्यांतील ऑटोक्लेव्हच्या नोंदी तपासाव्यात.

पालकांनो, पुढच्या तारखेला खुर्चीत बसण्याआधीच विचारा. उत्तर टाळलं, तर त्या दिवशी तार आवळून घेऊ नका.