राजीनाम्याआधी ८० दिवस मोजा

‘गरोदरपणी ताणाची नोकरी सरळ सोडावी’ हे पत्र वाचले. त्यामागची कळकळ पटली, सल्ला पटला नाही. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. पण प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले लागते. माझ्या धाकट्या बहिणीने सातव्या महिन्यात नोकरी बदलली. ८० दिवस झाले नाहीत, रजा बिनपगारी गेली. ताण असह्य झाला तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडून हलके काम लेखी मागावे. प्रसूतीआधी ८ आठवडे रजाही घेता येते. मैत्रिणींनो, नोकरी जरूर बदला. पण हक्काची रजा पदरात पडल्यावरच राजीनामा द्या.

– एक वाचक, पुणे