दहा यार्डांचे भांडण

डोक्यावर कलिंगड घालून रस्त्याने चाललेला माणूस मी आयुष्यात प्रथम पाहिला तो कॅनडातल्या रेजायना शहरात, २०२५ च्या ऑगस्टअखेरीस. चांगला पन्नाशीचा, भारदस्त गृहस्थ. कलिंगड अर्धे कापून, आतला गर कोरून काढून त्याचे शिरस्त्राण केलेले. कानशिलांवरून रस ओघळत होता. शेजारून त्याची पत्नी, आपल्याकडे लग्नघरी जाताना असते तशा लगबगीने, हिरव्या जर्सीत चालली होती. मी जावयांकडे पाहिले. ते शांतपणे म्हणाले, "बाबा, अजून स्टेडियम यायचंय."

मुलगी सस्कॅचवान प्रांतात राहते म्हणून आम्ही उभयता त्या उन्हाळ्यात तिकडे होतो. हा प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आणि लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास. डोळे थकतील इतकी सपाट गव्हाची शेते, मधूनच धान्याचे एखादे उंच कोठार. राजधानी रेजायनाची वस्ती २०२१ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे २ लाख २६ हजार, आणि तिथल्या फुटबॉल स्टेडियमची आसने ३३ हजारांवर. म्हणजे दर सात माणसांमागे एक आसन. बँकेत हयात गेलेला माणूस असले गुणोत्तर दिसले की थबकतो. एवढी मोठी ठेव या लोकांनी एका खेळात का ठेवली असेल?

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचे किंवा पुढच्याकडे फेकायचा. पायाचा उपयोग मुख्यतः पळण्यासाठी, आणि अडचण आलीच तर चेंडूला लाथ मारण्यासाठी. अमेरिकन फुटबॉलचा हा सख्खा भाऊ. दोघेही रग्बीच्या पोटचे, पण वळण वेगळे. अमेरिकेत संघ ११ जणांचा, इथे १२ जणांचा. १० यार्ड पुढे सरकायला तिथे ४ प्रयत्न मिळतात, इथे ३. तिथले मैदान १०० यार्डांचे, इथले ११०. कॅनेडियन फुटबॉल लीग १९५८ सालची, संघ अवघे ९. पण ज्या ग्रे कपसाठी ते भांडतात तो १९०९ पासूनचा आहे. तेव्हाचे गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी तो दिला.

मी पाहिलेला सामना सस्कॅचवान रफरायडर्स विरुद्ध शेजारच्या मॅनिटोबा प्रांतातले विनिपेग ब्लू बॉम्बर्स असा होता. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिकडे कामगार दिन असतो. त्या सुट्टीला विनिपेगने रेजायनाला यायचे आणि पुढच्या आठवड्यात रेजायनाकरांनी पावणेसहाशे किलोमीटर तुडवीत विनिपेगला जायचे, असा रिवाज आहे. या परतीच्या सामन्याचे नाव आहे 'बँजो बोल'. २००३ मध्ये विनिपेगच्या ट्रॉय वेस्टवूड या खेळाडूने सस्कॅचवानच्या लोकांची 'बँजो वाजवणारे गावंढळ' अशा अर्थाची, आणखीही झोंबणारी, संभावना केली. गदारोळ झाला, तेव्हा त्याने माफी मागितली तीही अशी की, यांच्यातल्या बहुतेकांना बँजोसुद्धा वाजवता येत नाही! आपल्याकडे यावरून काय झाले असते ते सांगायला नको. तिथे २००४ पासून त्या सामन्यालाच बँजोचे नाव पडले, आणि ज्यांचा अपमान झाला तेच लोक दरवर्षी हौसेने गाड्या भरभरून तो सामना पाहायला जातात.

अशा तऱ्हा प्रत्येक संघाच्या आहेत. कॅलगरीच्या संघाने टचडाउन केला की मैदानाच्या कडेने खराखुरा घोडा दौडतो. १९४८ मध्ये कॅलगरीचे लोक खास आगगाडीने ग्रे कपसाठी टोरांटोला गेले आणि त्यांनी तिथल्या रॉयल यॉर्क या प्रतिष्ठित हॉटेलच्या दालनात घोडा नेऊन उभा केला. तेव्हापासून अंतिम सामन्याच्या आठवड्यात हॉटेलात घोडा शिरणे हा प्रघातच पडला. ओटावात टचडाउननंतर लाकूडतोडे करवतीने ओंडक्याची चकती कापतात आणि ती त्या खेळाडूला देतात. पोलादाच्या कारखान्यांचे हॅमिल्टन आणि बँकांचे टोरांटो यांचे वैर तर पिढीजात. टोरांटोला शेलक्या शब्दांत हिणवणारी घोषणा इतर शहरांतही, टोरांटोचा संघ मैदानात नसतानाही, दिली जाते. लहान मुलांच्या कानावर ती पडावी का, यावर तिकडच्या आईबापांचे वाद होतात. आमच्या नातवाला ती पाठ आहे.

चाहत्यांचा खरा वाद असा आहे: यातले काय जपायचे, काय टाकायचे, आणि ते ठरवायचे कोणी? नोकरीच्या सवयीने मला या रूढी संयुक्त खात्यासारख्या वाटतात. अनेकांनी त्यात वर्षानुवर्षे थोडे थोडे भरलेले असते. म्हणून व्यवहार करताना आधी पाहायचे ते एवढेच, की रक्कम कोणाच्या नावे पडते आणि सही कोणाची आहे. कलिंगड ज्याने त्याने स्वतःच्या डोक्यावर घातलेले असते. बँजोची थट्टा ज्यांच्यावर झाली त्यांनीच ती उचलून धरली. हे खाते स्वच्छ आहे.

एडमंटनचे तसे नव्हते. तिथल्या संघाचे नाव कित्येक दशके 'एस्किमोज' असे होते. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांना परक्यांनी दिलेले हे नाव. त्यांना ते तुच्छतेचे वाटते. इन्युइटांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष नाटान ओबेड यांनी २०१५ मध्ये ते बदलण्याची जाहीर मागणी केली. जुने चाहते दुखावले. आमच्या मनात तसे काही नाही, हे नाव आम्ही अभिमानाने घेतो, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे होते असे मला वाटत नाही. पण ज्यांचे नाव वापरले त्यांची सही त्या खात्यावर कुठेच नव्हती. २०२० मध्ये एका प्रायोजक विमा कंपनीने साथ सोडण्याचा इशारा दिला आणि त्याच जुलैमध्ये नाव गेले. २०२१ पासून तो संघ 'एल्क्स' झाला. सदसद्विवेकबुद्धी बरीच वर्षे झोपून असते आणि धनकोचे पत्र आले की जागी होते, हे मी कर्जखात्यांतही पाहिले आहे. तरी जे झाले ते योग्यच झाले.

आता दहा यार्डांकडे येतो. आमचा मुक्काम असतानाच, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, लीगचे नवे आयुक्त स्टुअर्ट जॉन्स्टन यांनी मोठे बदल जाहीर केले. २०२७ पासून मैदान ११० ऐवजी १०० यार्डांचे होणार. दोन्ही टोकांचे गोलक्षेत्र २० यार्डांचे आहे ते १५ यार्डांचे होणार आणि गोलचे खांब त्याच्या मागच्या कडेला जाणार. इथे 'रूज' नावाचा एक खास कॅनेडियन गुण आहे: लाथाडलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात गेला आणि त्याला तो बाहेर आणता आला नाही, तर मारणाऱ्याला १ गुण. चेंडू गोलक्षेत्रातून थेट बाहेर गेला तरी तो मिळत असे. २०२६ पासून तसा मिळणार नाही, असेही ठरले. ३ प्रयत्न, १२ खेळाडू आणि मैदानाची ६५ यार्डांची रुंदी मात्र कायम.

दुसऱ्या दिवशी जावयांच्या कचेरीत म्हणे कोणी कामच केले नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या संघाचा कॅनेडियन क्वार्टरबॅक नेथन रॉर्क याने उघडपणे, कडक शब्दांत टीका केली. विरोधकांचा मुख्य आक्षेप एकच: हे मैदान अमेरिकेच्या मापाने कापले आहे. त्याच वर्षाच्या आरंभी अमेरिकेचे अध्यक्ष कॅनडाला आपले एक्कावन्नावे राज्य म्हणून हिणवीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दहा यार्ड इतके का झोंबले ते कळते. शिवाय रेजायनाकरांना जुनी आठवण आहे. १९९३ ते १९९५ या काळात लीगने अमेरिकन शहरांतही संघ काढून पाहिले. १९९५ चा ग्रे कप बाल्टिमोरने जिंकला, आणि तोही रेजायनाच्याच मैदानावर. वर्षभरात ते सगळे अमेरिकन संघ नाहीसे झाले.

लीगची बाजूही ऐकली पाहिजे. ऐन गोलरेषेवर रोवलेले खांब खेळात आडवे येतात. नेम चुकवलेल्याला गुण मिळणे नवख्याला चमत्कारिक वाटते. टोरांटोसारख्या महानगरात आसने भरणे जड जाते. टचडाउन वाढले तर नवा प्रेक्षक येईल, हा हिशेब अगदीच चुकीचा नाही. आणि नियम म्हणजे काही शिलालेख नव्हेत. १९५६ पर्यंत टचडाउनला ५ गुण होते, मग ६ झाले. गोलक्षेत्र १९८६ पर्यंत २५ यार्डांचे होते. आज ज्या मापासाठी अश्रू ढाळले जात आहेत, ते तरी कुठे आजोबांच्या काळचे आहे?

हे सगळे मी शेजारच्या बाईंना सांगितले. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहतात. ऐकून घेतले आणि त्यांनी मला त्यांच्या बैठकीच्या खोलीत नेले. भिंतीवर चौकटीत रफरायडर्सचा शेअर लावलेला होता. हा संघ कोणा धनिकाचा नाही, लोकांचा आहे. पैसे उभे करण्यासाठी त्याने अडीचशे डॉलरचे शेअर विकले होते. हा त्यांच्या दिवंगत पतीने घेतलेला. सवयीने मी चष्मा काढून मजकूर वाचायला पुढे झालो. त्या म्हणाल्या, "वाचू नका. लाभांश नाही. त्याला ठाऊक होतं."

त्यांचे हंगामाचे तिकीट गोलच्या खांबामागचे आहे, अनेक वर्षे तेच. मी मनातल्या मनात वजाबाकी केली. दोन्ही गोलक्षेत्रे धरून मैदान १५० यार्डांचे. २०२७ मध्ये ते १३० चे होईल. म्हणजे प्रत्येक टोकाला १० यार्ड मोकळे. स्टेडियम आहे तिथेच राहणार, खेळ तेवढा त्यांच्यापासून दूर सरकणार. बाई एवढेच म्हणाल्या, "बदलू नका असं मी म्हणत नाही. आधी एक पत्र तरी पाठवायचं."

नियमांचा निर्णय संघचालकांच्या मंडळाने घेतला, आणि कायद्याने तो अधिकार त्यांचाच. पण या खेळाचे भांडवल त्यांच्या ताळेबंदात मावणारे नाही. ते कलिंगड कोरणाऱ्याच्या हातात आहे, थंडीत कुडकुडत बसणाऱ्यांच्या निष्ठेत आहे. एडमंटनला ज्यांची सही घ्यायची राहिली ते खात्याबाहेरचे होते; या वेळी सही राहिली ती खातेदारांचीच. जो बदल एडमंटनमध्ये न्यायाचा होता, त्याच्या नावाखाली हाही बदल खपवता येत नाही, आणि हा बदल बोचला म्हणून तो चूक ठरत नाही. 'परंपरा' किंवा 'सुधारणा' असा एकच शब्द दोन्हींवर ठोकून दिला, की वाद सोपा होतो आणि न्याय हुकतो.

रेजायनाची निष्ठा किती महाग आहे याचा एक दाखला देतो. १२ जणांच्या संघात प्रेक्षक हा तेरावा माणूस, असे ते अभिमानाने म्हणत. २००९ च्या अंतिम सामन्यात मॉन्ट्रियलची अखेरची किक हुकली, सस्कॅचवानने जल्लोष सुरू केला. आणि तेवढ्यात पंचांच्या लक्षात आले की त्यांचे मैदानात १३ जण आहेत. किक पुन्हा मारली गेली. मॉन्ट्रियल २८, सस्कॅचवान २७. तेराव्या माणसानेच घात केला. तरी एकानेही कलिंगड खाली ठेवले नाही.

आम्ही नोव्हेंबरच्या आरंभी पुण्याला परतलो. १७ तारखेला सकाळी चहा घेत असताना मुलीचा फोन आला. मागे आरडाओरडा एवढा, की क्षणभर छातीत धस्स झाले. रफरायडर्सनी ग्रे कप जिंकला होता. त्याच मॉन्ट्रियलला २५-१७ असे हरवून, आणि तेही विनिपेगच्या, म्हणजे बँजो बोलच्या मैदानावर. सोळा वर्षांची थकबाकी वसूल झाली, वैऱ्याच्या अंगणात.

मी शेजारच्या बाईंची चौकशी केली. त्यांनी पुढच्या हंगामाचे तिकीट घेतले होते. जागा तीच, खांबामागची. पत्र अजून आलेले नव्हते.