ऑलिंपसचे देव आणि त्यांची देखभाल

इ.स.पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या नागरिकांच्या न्यायसभेने सॉक्रेटिसला देहान्ताची शिक्षा सुनावली. तरुणांना बिघडविणे आणि नगराने मानलेले देव न मानणे, असे त्याच्यावरील आरोपांचे स्वरूप होते. ज्या देवांच्या मानापमानापायी एका तत्त्वज्ञाला विषाचा प्याला घ्यावा लागला, तेच झ्यूस, अथीना, अपोलो आणि हर्मीस आज अमेरिका-युरोपातील शाळकरी मुलांचे सवंगडी झाले आहेत. त्यांची चित्रे मुलांच्या खोल्यांत लागतात, त्यांची सोंगे घेऊन तरुण मंडळी संमेलनांना जातात आणि आपण कोणत्या देवाचे अपत्य शोभू, यावर तासन्‌तास वाद रंगतात. देवळे ओस पडली, वेदींवरील अग्नी विझले, पण देव मात्र राहिले. धर्म मावळल्यानंतर देवांना एवढे दीर्घ आयुष्य लाभावे, ही संस्कृतीच्या इतिहासातील नवलाची गोष्ट होय. तिच्याकडे केवळ कौतुकाने किंवा केवळ उपहासाने पाहून भागणार नाही.

या लाटेची व्याप्ती प्रथम लक्षात घ्यावयास हवी. २००५ साली रिक रिऑर्डन या अमेरिकन शिक्षकाचे ‘द लायटनिंग थीफ’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. झोपताना मुलाला सांगितलेल्या गोष्टींतून ते जन्मले होते. त्याचा नायक पर्सी जॅक्सन हा समुद्रदेव पोसायडनचा मानवी स्त्रीपासून झालेला पुत्र. ऑलिंपस पर्वत आता न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या वर, कोणाला न दिसणाऱ्या सहाशेव्या मजल्यावर आहे, अशी ही कल्पना. २००९ पर्यंत या मालिकेचे पाच भाग निघाले, २०१० व २०१३ मध्ये चित्रपट आले आणि २०२३ च्या अखेरीस दूरचित्र-मालिकाही सुरू झाली. प्रौढ वाचकांसाठी मॅडलिन मिलर या लेखिकेने २०११ साली ‘द साँग ऑफ अकिलीस’ लिहिले आणि २०१२ चे ऑरेंज पारितोषिक मिळविले. पण त्या पुस्तकाचा खरा खप वाढला तो त्यानंतर सुमारे नऊ-दहा वर्षांनी, तरुण वाचक समाजमाध्यमांवर त्याच्याविषयी आपण होऊन बोलू लागले तेव्हा. २०१८ मध्ये तिचीच ‘सर्सी’, पॅट बार्कर यांची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ आणि रेचल स्माइद यांची मोबाइलवर वाचावयाची चित्रकथा ‘लोअर ऑलिंपस’ एकाच वर्षी वाचकांपुढे आली. पाताळाच्या राजाचा पुत्र बापाच्या राज्यातून पळू पाहतो, या कल्पनेवर रचलेल्या ‘हेडीझ’ या २०२० च्या व्हिडिओ गेमला तर अद्भुतकथांसाठी नावाजलेला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

भ्रष्टतेचा आक्षेप

जुन्या वळणाच्या विद्वानांचा आक्षेप असा, की हा सारा प्रकार अभिजात साहित्याची विटंबना आहे. होमरच्या गंभीर विश्वाचे येथे पोरखेळात रूपांतर झाले आहे, असे त्यांना वाटते. हा आक्षेप ग्रीकांच्याच परंपरेपुढे टिकत नाही. ग्रीकांजवळ त्यांच्या देवकथांचा एकच एक प्रमाणग्रंथ कधीच नव्हता. ॲगमेम्नॉनच्या खुनाचा त्याच्या मुलांनी घेतलेला सूड एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघांनी तीन तऱ्हांनी रंगविला. हेलन ट्रॉयला गेलीच नव्हती, गेली ती तिची छाया, असे युरिपिडीसने इ.स.पूर्व ४१२ मध्ये भर रंगमंचावरून सांगितले. त्याच्या ‘मीडिया’ नाटकाला इ.स.पूर्व ४३१ च्या स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. आज तेच नाटक जगभर केले जाते. पुढे रोमच्या व्हर्जिलने ‘इलियड’मधील ईनियस हे दुय्यम पात्र उचलून त्याच्यावर आपले महाकाव्य उभारले. दुसऱ्याच्या कथेतील उपेक्षित पात्र घेऊन त्याची नवी कथा रचणे, हा जो उद्योग आजचे चाहते हौसेने करतात, त्याची वंशावळ अशी थेट प्राचीनांपर्यंत जाते.

आणि ग्रीक देवांची टीकाही ग्रीकांनीच केली. होमर आणि हेसिअड यांनी चोरी, व्यभिचार, फसवणूक असे सारे मानवी दोष देवांना चिकटविले, अशी तक्रार झेनोफानीसने केली; प्लेटोने तर आदर्श नगरात अशा कथांना मज्जावच सुचविला. नेमके हेच दोष आजच्या तरुण वाचकाला जवळचे वाटतात. कुटुंबात भांडणारे, मुलांकडे दुर्लक्ष करणारे, चुकणारे आणि चूक कबूल न करणारे हे देव त्याला आपल्या घरातल्या मोठ्या माणसांसारखे भासतात. पर्सी जॅक्सनला अक्षरे नीट वाचता येत नाहीत आणि एका जागी स्वस्थ बसवत नाही. शाळेत ज्याला दोष म्हणतात, तीच देववंशाची खूण ठरते, कारण त्याचे मन इंग्रजीसाठी नव्हे, प्राचीन ग्रीकसाठी घडलेले असते. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला एवढा मोठा दिलासा फार थोड्या पाठ्यपुस्तकांनी दिला असेल. तसेच ‘इलियड’मध्ये ज्या ब्रायसीसवरून अकिलीस रुसतो, तिला होमर एका विलापापुरतेच बोलू देतो. बार्कर यांच्या कादंबरीत युद्धात लुटली गेलेली तीच स्त्री बहुतेक कथा सांगते. याला विटंबना म्हणता येणार नाही; हे जुन्या ग्रंथाचे नव्याने केलेले वाचन आहे.

मालक नसलेली मालमत्ता

तरीही प्रश्न उरतो, की जगात इतक्या देवमंडळांच्या कथा असताना बाजाराने ग्रीकांचीच निवड का करावी? शतकानुशतके पाश्चात्य शिक्षणात त्या कथांना मानाचे स्थान होते, हे एक कारण झाले. दुसरे कारण शुद्ध आर्थिक आहे. या कथांना मालक नाही. मिकी माउसच्या १९२८ सालच्या पहिल्या गाजलेल्या बोलपटावरील स्वामित्वहक्क अमेरिकेत २०२४ साल उजाडल्यावरच संपला. तोवर ९५ वर्षे त्या उंदरासाठी परवानगी आणि मोबदला लागत होता. झ्यूससाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. शिवाय या देवांच्या मागे भावना दुखावणारा मोठा भक्तसमुदायही नाही. ग्रीसमध्ये जुन्या देवांची उपासना करणारा एक लहान गट आहे आणि २०१७ मध्ये तेथील शासनाने त्याच्या धर्माला मान्यताही दिली, परंतु जगाच्या बाजाराला त्याची दखल घेण्याचे कारण पडलेले नाही. कच्चा माल फुकट, जोखीम अल्प आणि नाव जगाला परिचित, असा योग व्यापारात क्वचितच येतो.

ज्या वस्तूचा एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याच्या वाट्याला काही कमी येत नाही आणि जिच्यापासून कोणाला वगळताही येत नाही, तिला अर्थशास्त्र सार्वजनिक वस्तू म्हणते. ग्रीक पुराणकथा ही अशी वस्तू होय. गायरानात गुरे वाढली तर गवत संपते. कथेचे तसे नाही, ती चरल्याने वाढते. म्हणून चाहत्यांच्या गर्दीने ऑलिंपस झिजेल, ही भीती व्यर्थ आहे. परंतु येथेच एक गैरसमज होतो. वस्तू फुकट मिळते याचा अर्थ ती फुकट टिकते असा नव्हे.

सोफोक्लीसने शंभराहून अधिक नाटके लिहिली. आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहेत ती सात. ही सातही आपोआप उरली नाहीत. बायझंटाईन लेखनिकांनी शतकानुशतके ती हाताने उतरून काढली म्हणून उरली. ‘इलियड’ची सर्वांत महत्त्वाची हस्तप्रत दहाव्या शतकातील असून ती व्हेनिसच्या ग्रंथालयाने जपली आहे. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे १८९६-९७ पासून ग्रेनफेल आणि हंट या दोन संशोधकांनी प्राचीन उकिरडे उपसले, तेव्हा सोफोक्लीसच्या एका हरवलेल्या नाटकाचा मोठा भाग हाती आला. तेथील पपायरसच्या तुकड्यांपैकी बहुसंख्य आजही वाचून प्रसिद्ध व्हावयाचे आहेत. ते वाचणार कोण? पर्सी जॅक्सनचे चाहते नव्हेत, तर पंधरा-वीस वर्षे ग्रीक व्याकरणाशी झुंजलेली मूठभर माणसे.

ही मूठ आवळत चालली आहे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये अभिजात भाषांचा आपला स्वतंत्र विभाग बंद करण्याचे ठरविले. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या अमेरिकेतील ऐतिहासिक विद्यापीठांपैकी हा विभाग फक्त तेथेच उरला होता. त्याच वर्षी प्रिन्स्टनने या विषयाच्या पदवीसाठी ग्रीक वा लॅटिन भाषेची अट काढून टाकली. अधिक विद्यार्थ्यांना दार उघडावे, हा त्यामागील हेतू चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. पण एकीकडे ग्रीक देवांच्या पुस्तकांचे ढीग दुकानांत लागावेत आणि दुसरीकडे ग्रीक भाषा शिकविणाऱ्यांची गरज कमी मानली जावी, ही विसंगती डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. कापडाची मागणी वाढत असता कापसाचे शेत पडीक टाकण्यासारखेच हे आहे.

या बाजाराच्या मुळाशी कोण आहे, हेही पाहण्यासारखे आहे. रिऑर्डन अनेक वर्षे शाळेत शिकवीत होते. मिलर यांनी अभिजात भाषांचे शिक्षण घेतले, शाळेतील मुलांना ग्रीक व लॅटिन शिकविले आणि पहिल्या कादंबरीवर दहा वर्षे खर्ची घातली. २०१७ साली ‘ओडिसी’चे इंग्रजी भाषांतर करून नवे वाचक मिळवून देणाऱ्या एमिली विल्सन विद्यापीठात प्राध्यापक आहेत. म्हणजे शिक्षकांचे वर्ग हीच या उद्योगाची खरी गिरणी. तिच्यातून निघालेल्या मालावर प्रकाशक, चित्रपटसंस्था आणि खेळ बनविणाऱ्या कंपन्या नफा कमावतात. गिरणीच्या दुरुस्तीचे देयक मात्र कोणाच्याच नावे निघत नाही.

जेथे कोणी अधिकाराने उत्तर देणारे नसते, तेथे बाजार आपल्या सोयीने कथा गुळगुळीत करतो. डिस्नेच्या १९९७ च्या ‘हर्क्युलीस’ चित्रपटात हीरा ही नायकाची प्रेमळ आई आहे. मूळ कथेत तीच त्याचा जन्मभर छळ करते. पर्सेफनीचे अपहरण आज अनेक ठिकाणी प्रणयकथा म्हणून रंगविले जाते. प्राचीन स्तोत्राच्या केंद्रस्थानी मात्र मुलगी हरवलेल्या डिमीटरचा आक्रोश आहे. लेखकाने बदल करावा, तो त्याचा अधिकारच आहे. पण वाचकाला मूळ ठाऊक असेल तरच तो बदल आहे असे त्याला समजेल. मूळ विसरले गेले, तर सर्वांत मोठ्या कंपनीने सांगितलेली कथा तीच मूळ कथा ठरेल आणि मालक नसलेल्या मालमत्तेला नकळत मालक मिळेल.

पुण्याचा दाखला

मूळ ग्रंथाची देखभाल आणि नवनिर्मिती यांचा संबंध मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नसावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले आणि १९६६ साली ते पूर्ण केले. पाठभेद जुळवीत बसलेल्या पंडितांचे हे काम बाजाराच्या हिशेबात बसणारे नव्हते. परंतु इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ला याच आवृत्तीचा आधार मिळाला आणि महाभारतातील माणसांकडे नव्या दृष्टीने पाहण्याची वाट हजारो वाचकांना खुली झाली. अर्धशतकाचा खर्च अशा रीतीने वसूल होतो. मात्र तो कोणत्याही एका ताळेबंदात दिसत नाही.

मग उपाय कोणता? कथांवर कर बसवावा, असे कोणी सुचवील. तो उपाय रोगापेक्षा घातक ठरेल. कारण या कथांचे सारे बळ त्या मोकळ्या असण्यातच आहे. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर प्रवेशशुल्क आहे आणि सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला २०,००० प्रवाशांची मर्यादाही आहे. दगडांची झीज मोजता येते म्हणून तेथे तिकीट लावता येते. कथेला तिकीट लावता येत नाही, आणि म्हणूनच तिची देखभाल सार्वजनिक पैशातून होणे अगत्याचे ठरते. ज्या कंपन्यांना या कथांनी श्रीमंत केले, त्यांनी स्वेच्छेने अध्यासने आणि शिष्यवृत्त्या द्याव्यात, ही अपेक्षाही अवाजवी नाही. रुग्णालये आणि रोजगार यांच्यापुढे मृत भाषांचे लाड कशाला, असे विचारले जाईल. पण एक लहान विभाग चालविण्याचा खर्च विद्यापीठाच्या एकूण खर्चात किरकोळ असतो. बंद पडलेले रुग्णालय पैसा मिळताच पुन्हा उघडता येते, मात्र भाषा वाचणाऱ्यांची गुरुशिष्यपरंपरा एकदा तुटली, तर ती पैशाने जोडता येत नाही.

शाळेतील शिक्षकाच्या हाती यापेक्षा सोपा उपाय आहे. पर्सी जॅक्सन वाचणाऱ्या मुलाच्या हातून ते पुस्तक काढून घेण्याऐवजी, हा पोसायडन पूर्वी कोणाच्या मुलावर का रागावला होता, एवढे त्याला विचारावे. उत्तर शोधताना तो ‘ओडिसी’पाशी पोहोचेल, मग ते भाषांतरातून का होईना. शंभरांतील नव्याण्णव मुले तेथेच थांबतील, आणि त्यात काही बिघडले नाही. उरलेल्या एकाला पुढे ग्रीक शिकावेसे वाटले, तर त्याच्यासाठी वर्ग उघडा असावा आणि वर्गात शिकविणारा असावा. चाहत्यांनी आपले प्रेम चोख दिले आहे. वर्ग उघडा ठेवण्याची जबाबदारी आता विद्यापीठांची आणि शासनांची आहे.