कारले : भाजी की औषध?

उर्दूतला ‘करेला’ म्हणजे मराठीतले कारले. ‘कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. मधुमेहाच्या रोग्यांना मात्र हा कडूपणाच औषध वाटतो.

माझ्या खालांना मधुमेह आहे. कुणीतरी सांगितले म्हणून त्या रोज कारल्याचा रस पिऊ लागल्या आणि गोळ्या बंद केल्या. त्यांच्या रक्तातील साखर खूप वाढली. पायाची जखम भरेना. डॉक्टरांकडून गोळ्या पुन्हा सुरू केल्यावरच ती भरली.

कारल्यात साखर कमी करणारी द्रव्ये आहेत, हे खरे. पण २०१२ साली संशोधकांनी रोग्यांवर झालेले प्रयोग तपासले, तेव्हा कारल्याने मधुमेह आटोक्यात येतो याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. उलट, गोळ्यांबरोबर हा रस घेतल्यास साखर एकदम उतरू शकते. घाम येतो, हातपाय थरथरतात.

म्हणून कारल्याची भाजी जरूर खा. पण घरात कुणी औषध सोडून रस पीत असेल, तर त्यांना अदबीने समजवा. औषध बहुधा कडू असते. पण जे जे कडू, ते ते औषध नव्हे.