शाकारणी भाड्याच्या घराची

कौले उतरवून, फुटकी बदलून पावसापूर्वी छप्पर पुन्हा नीट रचण्याच्या कामाला आपल्या किनाऱ्यावर शाकारणी म्हणतात. सिमेंटच्या इमारतींत हा शब्द मागे पडला. गरज मात्र तशीच आहे. १ जूनला मासेमारी बंद होते आणि सातपाटीतील होड्या ताडपत्रीखाली जातात. पालघर-बोईसरला तारापूरच्या कामगारांना खोल्या भाड्याने देणारे आपण मात्र गळती सुरू झाल्यावरच जागे होतो.

आयकर कायदा घरभाड्याच्या उत्पन्नातून, भरलेली घरपट्टी वजा केल्यावर, उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट देतो. प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे विचारत नाही. दरमहा १०,००० रुपये भाडे असेल, तर वर्षाच्या १,२०,००० रुपयांवर ही वजावट, घरपट्टी बाजूला ठेवली तर, ३६,००० रुपये होते. विवरणपत्रात ती दरवर्षी घ्यायची आणि गवंड्याचा विषय निघाला की ‘यंदा राहू द्या’ म्हणायचे, हा हिशेब व्यापारी मनालाही पटू नये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे, तेथे करारात वेगळे ठरले नसल्यास घर राहण्याजोगे राखणे ही मालकाचीच जबाबदारी आहे. नोटीस मिळून १५ दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. लिव्ह अँड लायसन्सच्या व्यवहारात करारातील शब्दच आधार असतो. म्हणून दुरुस्ती कोणाकडे, हे त्यात स्पष्ट लिहावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. खाऱ्या हवेने सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. सज्ज्यावर हलकेच ठोकून पाहावे; पोकळ आवाज आला, तर तेथील सैल भाग काढून, सळईचा गंज घासून मगच गिलावा करावा. वरवर लिंपलेला गिलावा फार दिवस टिकत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड थेट बसते, तेव्हा तिच्या भेगा आधी भराव्यात. जलरोधक लेप कोरड्या पृष्ठभागावरच धरतो, म्हणून हे काम मे महिन्यात उरकलेले बरे. गच्चीची पन्हाळी आणि पाणी जाण्याची तोंडे त्याच वेळी साफ करावीत. पाणी साचले की शेवाळ धरते. ते अनंतकाय मानणाऱ्या आपल्या घरांत नंतर खरवडण्याचा प्रश्न उभा राहण्यापेक्षा ते होऊच न देणे श्रेयस्कर.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. ओल्या भिंतीतून आलेला झटका जीव घेतो. अर्थिंग तपासून घ्यावे, गळता विद्युतप्रवाह तोडणारा स्विच नसेल तर बसवावा आणि असेल तर त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे. मीटर जमिनीलगत असेल, तर वीज कंपनीकडे अर्ज करून तो वर घेण्याची व्यवस्था करावी.

या सर्वांआधी भाडेकरूला विचारावे, गेल्या वर्षी कोठे गळले? परगावचा कामगार आपणहून सांगत नाही; भाडे वाढेल किंवा खोली सोडावी लागेल, या भीतीने तो तान्ह्या मुलाचे अंथरूण रात्रभर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवत राहतो. त्याच्यासोबत घर पाहावे, डागांची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि ती दुरुस्तीच्या पावत्यांसह कराराच्या फाइलीत ठेवावीत. खोली सोडताना अनामत रकमेवरून वाद निघाला, तर दोघांनाही तीच उपयोगी पडतील.