बोनस नेमका कोणत्या वर्षाचा?

सप्टेंबर 2019 मध्ये अशोक लेलँडने देशभरच्या आपल्या कारखान्यांत 'कामबंद दिवस' जाहीर केले. चेन्नईच्या उत्तर टोकाला, समुद्राला लागून असलेल्या एन्नोरच्या जुन्या कारखान्याच्या वाट्याला 16 दिवस आले, आपल्या भंडाऱ्याच्या कारखान्याच्या वाट्याला 10. ट्रकची मागणी आटली होती. ऑगस्टची विक्री आदल्या ऑगस्टच्या जवळपास निम्म्यावर आली होती. आणि नेमक्या त्याच ऑगस्टमध्ये एन्नोरचे कामगार बोनससाठी काम थांबवून बसले होते. त्यांना बोनसमध्ये 10 टक्के वाढ हवी होती, व्यवस्थापन 5 टक्क्यांच्या पुढे सरकायला तयार नव्हते.

गाड्या खपत नसताना बोनसवाढ मागणे हा अनेकांना हट्ट वाटला. पण मागणी होती ती 2018-19 या सरलेल्या वर्षाच्या बोनसची. त्या वर्षी कंपनीची उलाढाल 29 हजार कोटींच्या घरात गेली होती आणि निव्वळ नफा 1,900 कोटींच्या वर. कामगार गेल्या वर्षीच्या घामाचा हिशेब मागत होते, व्यवस्थापन चालू महिन्याची विक्री दाखवत होते. दोघांचे आकडे खरे होते. फक्त वर्षे वेगळी होती.

कामगिरीशी जोडलेल्या पगाराची सारी अडचण या एका प्रसंगात दिसते. लाइनवर उभा असलेला माणूस पाळीत किती जोडणी करतो, किती नग नाकारले जातात, हे त्याच्या हातात असते. देशात ट्रक किती खपणार, हे नसते. त्याच्या हाताबाहेरच्या गोष्टीवर त्याची मिळकत टांगली, की प्रोत्साहन हा शब्द पोकळ होतो. मग बोनस वाढला तर ते नशीब ठरते आणि घटला तर अन्याय.

हे भांडण मुंबईला नवे नाही. किंबहुना भारतातला बोनस जन्मला तोच मुख्यतः मुंबई आणि अहमदाबादच्या कापडगिरण्यांत. पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी अमाप नफा कमावला आणि 1917 मध्ये महागाईने पिचलेल्या कामगारांना 10 टक्के 'युद्ध बोनस' दिला. पुढे काही वर्षे वार्षिक बोनस मिळत गेला. मंदी आल्यावर 1923 सालचा बोनस मालकांनी नाकारला आणि 1924 च्या सुरुवातीला दीड लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निवाडा दिला, की कामगारांचा बोनसवर कायदेशीर हक्क नाही. संप मोडला.

ती समजूत बदलायला पाव शतक गेले. 1950 मध्ये मुंबईच्याच गिरण्यांच्या खटल्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने सूत्र घालून दिले: नफ्यातून घसारा, पुनर्बांधणीची तरतूद, कर, भरणा झालेल्या भांडवलावर 6 टक्के आणि खेळते भांडवल म्हणून वापरलेल्या राखीव निधीवर 2 टक्के परतावा वजा करा, उरलेल्या शिल्लकीत कामगाराचाही वाटा आहे. 1965 च्या बोनस कायद्याने किमान 4 आणि कमाल 20 टक्क्यांची चौकट आखली; किमान मर्यादा पुढे 8.33 टक्क्यांवर गेली. बोनस ही बक्षिसी उरली नाही. तरीही ऑक्टोबर 1981 मध्ये गिरण्यांतली ठिणगी पुन्हा बोनसवरूनच पडली आणि 18 जानेवारी 1982 पासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली दोन लाखांहून अधिक कामगार बाहेर पडले. त्या संपाने गिरणगावाचे काय झाले, हे मुंबईकराला सांगायला नको.

चाकणच्या बजाज ऑटोतल्या कामगारांनी 2013 मध्ये आणखी पुढचा प्रश्न विचारला. प्रत्येकाला कंपनीचे 500 शेअर एक रुपया भावाने द्या, ही त्यांची मागणी होती. व्यवस्थापनाने ती फेटाळली, 50 दिवसांनी संप मागे घेतला गेला, शेअर मिळाले नाहीत. मागणीचा आकडा कुणाला अवास्तव वाटेल, पण तिच्यामागचा तर्क खोडणे कठीण आहे. वरिष्ठांना शेअर दिले की ते जीव ओतून काम करतात, असे कंपन्याच सांगतात. मग हे तत्त्व कारखान्याच्या दारातच का थांबावे?

कचेरीतल्या नोकरदाराची कथा फार वेगळी नाही. वर्षाअखेरी अप्रेझल होते, आणि बेल कर्व्हमध्ये बसवण्यासाठी चांगल्या तुकडीतल्याही कुणाला तरी तळाला ढकलले जाते. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत 2013 मध्ये बंद केली. गुणवत्तेचे गुरू डेमिंग यांनी तर 1982 मध्येच वार्षिक मूल्यमापनाची गणना उद्योगाच्या घातक रोगांत केली होती; कामातला बहुतेक फरक व्यवस्थेमुळे पडतो, माणसामुळे नव्हे, असे ते सांगत. त्यांच्या नावाचा पुरस्कार अशोक लेलँडच्या पंतनगर कारखान्याला 2016 मध्ये आणि होसूरच्या दुसऱ्या कारखान्याला 2017 मध्ये मिळाला. डेमिंग यांचा हा इशारा पगारपत्रकापर्यंतही पोचायला हवा.

करण्यासारखे बरेच आहे. बोनसचे सूत्र दिवाळीच्या तोंडावर घासाघीस करून ठरवण्याऐवजी एप्रिलमध्येच युनियनशी बोलून लेखी ठरावे. त्यात नाकारलेले नग, अपघात, वाया गेलेला माल अशी कामगाराला दिसणारी आणि त्याला बदलता येणारी मापे असावीत. मागणीअभावी कंपनीने बंद ठेवलेले दिवस त्याच्या खात्यावर टाकू नयेत. आणि कंत्राटी कामगाराला या कराराबाहेर ठेवू नये, कारण त्याच लाइनवर तोच पाना तोही फिरवतो.

सरकारचेही काम उरले आहेच. 2015 च्या दुरुस्तीने महिन्याला 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यालाच कायद्याने बोनस देय केला, आणि तो मोजताना पगार 7 हजार किंवा किमान वेतन, यातले जे जास्त असेल तेवढाच धरायचे ठरवले. 2019 च्या वेतन संहितेने टक्केवारी तीच ठेवली आणि पगाराची मर्यादा ठरवण्याचा अधिकार सरकारकडे सोपवला. तो वापरून ही मर्यादा आजच्या महागाईशी जोडावी आणि दर वर्षी तपासावी.