शाकाहारी घर आणि कुत्र्यातील पट्टकृमी

पट्टकृमी हा मांस खाणाऱ्यांचा रोग, असा समज शाकाहारी कुटुंबांत दृढ असतो. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा एक पट्टकृमी मात्र या समजाला अपवाद आहे. त्याची अंडी मांसातून नव्हे, तर कुत्र्याच्या विष्ठेने दूषित झालेली माती, पालेभाजी, पाणी आणि न धुतलेले हात यांतून माणसाच्या पोटात जातात.

कुत्र्याच्या विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले की घरचे घाबरतात. तो बहुधा पिसवांतून येणारा दुसरा पट्टकृमी असतो आणि तुलनेने सौम्य असतो. खरा धोकादायक एकायनोकॉकस जेमतेम ३ ते ६ मिलिमीटरचा, डोळ्यांना सहसा न दिसणारा. त्याची अंडी पोटात गेली की अळी आतड्यातून रक्तात शिरते व बहुतेकदा यकृतात, काही वेळा फुप्फुसात, पाण्याने भरलेली गाठ धरते. हीच हायडॅटिड गाठ. ती वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढते आणि अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. फुटल्यास तीव्र ॲलर्जीने प्राणावर बेतू शकते. उपचार आहेत, पण सोपे नाहीत. जंतांसाठी एकदाच दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी येथे महिनोन्‌महिने घ्यावी लागते, आणि कित्येकदा शस्त्रक्रियाही टळत नाही.

कुत्र्याला हा कृमी होतो तो शेळ्यामेंढ्यांची गाठी असलेली कच्ची काळीज-फुप्फुसे खाल्ल्याने. कोल्हापूर हे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे शहर. उघड्यावर टाकलेले आतडी-काळीज मोकाट कुत्र्यांना मिळणे येथे अवघड नाही. जिल्ह्याच्या शिवारात खतासाठी मेंढरे बसवितात, तेव्हा कळपाबरोबर कुत्रीही येतात. त्यामुळे दारात रोज दूध-भाकरी मिळणारे कुत्रेही निर्धोक मानता येत नाही, कारण दिवसभर ते कोठे काय खाते याचा हिशेब कोणाकडेच नसतो.

पाणी गाळून पिण्याचा कुळाचार चांगला. परंतु हे अंडे सुमारे ०.०३ ते ०.०४ मिलिमीटरचे असल्याने गाळणीच्या कापडावर भरवसा ठेवता येत नाही. उकळलेल्या पाण्यात ते मरते. मेथी-कोथिंबीर कच्ची वापरायची असेल, तर वाहत्या पाण्यात पुन्हापुन्हा धुवावी. मुलांनी कुत्र्याला कुरवाळल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज ताटावर बसू नये.

एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये या रोगाने थैमान घातले होते. १८६३ साली हॅराल्ड क्राबे या डॅनिश संशोधकाने तेथील कुत्री तपासली. पुढे लोकांसाठी पुस्तिका निघाली, कायदे झाले, गाठी असलेले अवयव जाळण्या-पुरण्याची सक्ती आली. त्या बेटावरून हा रोग अखेर नाहीसा झाला. तेथील लोकांनी मांसाहार सोडला नव्हता. कुत्र्यांना कच्चे अवयव मिळणे तेवढे बंद केले.

पाळीव कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरावीक अंतराने प्राझिक्वांटेल द्यावे. जंतांच्या प्रत्येक गोळीत हे औषध असतेच असे नाही. दुकानदाराला नावाने विचारावे. जीवदयेपोटी गल्लीतल्या कुत्र्यांना भाकरी घालणाऱ्यांनीही पशुवैद्याकडून मात्रा ठरवून घेऊन हे औषध त्या भाकरीतूनच द्यावयास हरकत नाही. औषधाने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून पाळीव कुत्र्याला औषध दिल्यावर दोन दिवस बांधून ठेवावे आणि त्याची विष्ठा हातमोजे घालून उचलून खोल पुरावी.